कोर्दोबाचा जाहीरनामा आणि वैद्यक-विद्यार्थ्याचा अधिकार

विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्याला स्थान असावे की नसावे, या वादात ज्या मोजक्या लेखांचा आधार वारंवार घेतला जातो, त्यांत अर्जेंटिनातील कोर्दोबा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २१ जून १९१८ रोजी प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्याचे स्थान वरचे आहे. लॅटिन अमेरिकेत तर या लेखाला जवळजवळ आर्षवचनाची प्रतिष्ठा लाभलेली आहे. विद्यापीठाची स्वायत्तता, अध्यापकांच्या नेमणुकीतील खुली स्पर्धा, कारभारातील विद्यार्थ्यांचे मताधिकारयुक्त प्रतिनिधित्व, या सर्व कल्पनांचे मूळ तेथे शोधण्याची प्रथा आहे आणि ती सर्वस्वी निराधारही नाही. तथापि गौरवाच्या या परंपरेत एक गोष्ट सहसा नजरेआड होते. ज्या चळवळीतून हा लेख जन्माला आला, तिची पहिली ठिणगी एका रुग्णालयात पडली होती. आणि लेखात मात्र ते रुग्णालय कोठेच नाही. वैद्यकशिक्षणाच्या कारभारात विद्यार्थ्याचा अधिकार कोणत्या पायावर उभा राहतो, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने या अनुपस्थितीचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम घटनाक्रम. कोर्दोबा विद्यापीठाची स्थापना जेसुइट धर्मगुरूंनी १६१३ मध्ये केली. त्यातील वैद्यकविद्याशाखा मात्र १८७७ सालची, म्हणजे मुंबईच्या ग्रांट मेडिकल कॉलेजाहूनही तीन दशकांनी धाकटी. विद्यापीठाची सूत्रे दीर्घकाळ आजीव सभासदांच्या मंडळांच्या हाती होती. ही मंडळे आपली रिक्त जागा आपणच भरीत. त्यामुळे काही थोड्या घराण्यांचा आणि त्यांच्या धार्मिक-सामाजिक वर्तुळाचा विद्यापीठावर वंशपरंपरागत म्हणावा असा ताबा होता. या स्थितीविषयी असंतोष जुनाच होता. पण असंतोषाला कृतीचे रूप येण्यास काही ठोस निमित्त लागते, आणि ते १९१७ च्या अखेरीस मिळाले. विद्यापीठाच्या रुग्णालयात, हॉस्पिताल दे क्लिनिकासमध्ये, वैद्यकाच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्याची सोय असे आणि त्याबरोबर वॉर्डातील सेवेचे काम असे. ‘इंतेर्नादो’ या नावाने ओळखली जाणारी ही निवासी व्यवस्था काटकसर आणि नीतिमत्ता अशी दोन कारणे पुढे करून बंद करण्यात आली. वैद्यक-विद्यार्थ्यांनी निषेध नोंदविला, तो मानला गेला नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची हजेरीच्या नियमांविरुद्ध वेगळी तक्रार होती, ती या तक्रारीला येऊन मिळाली. कायद्याचे विद्यार्थी सामील झाले. मार्च १९१८ मध्ये सुधारणा-समिती स्थापन झाली आणि संप पुकारला गेला.

पुढील घटना वेगाने घडल्या. राष्ट्राध्यक्ष इपोलितो इरिगोयेन यांच्या सरकारने एप्रिलमध्ये होसे निकोलास मातिएन्सो यांना विद्यापीठात हस्तक्षेपाधिकारी म्हणून धाडले. त्यांनी आजीव मंडळांची सत्ता मोडून निवडणुकीचे तत्त्व आणले, परंतु मताधिकार अध्यापकांपुरता ठेवला. १५ जून रोजी कुलगुरूपदाची निवडणूक झाली. सुधारणावाद्यांचे उमेदवार एन्रिके मार्तीनेस पास पराभूत झाले आणि सनातनी गटाचे आन्तोनिओ नोरेस निवडून आले. विद्यार्थी सभागृहात घुसले, सभा उधळली गेली आणि पुन्हा संप सुरू झाला. या पराभवानंतर सहाव्या दिवशी विद्यार्थ्यांच्या मुखपत्रात जो लेख प्रसिद्ध झाला, तोच हा जाहीरनामा. तो पराभवाच्या संतापातून लिहिला गेला आहे, हे त्याच्या प्रत्येक परिच्छेदात जाणवते, आणि त्याचे सामर्थ्य व त्याचे दौर्बल्य या दोहोंचा उगम त्यातच आहे.

लेखाच्या कर्तृत्वाचा प्रश्न येथे केवळ ग्रंथविषयक कुतूहलाचा नाही. लेखाखाली कोर्दोबाच्या विद्यार्थी-महासंघाच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. त्यांत वैद्यकाचे एन्रिके बार्रोस आहेत, कायद्याचे ओरासिओ वाल्देस आहेत, अभियांत्रिकीचे इस्माएल बोर्दाबेहेरे आहेत. पुढे क्षयरोगतज्ज्ञ म्हणून नावाजलेले गुमेर्सिंदो सायागोही आहेत. पण लेख लिहिला तो देओदोरो रोका यांनी, हे आता सर्वमान्य आहे. आणि रोका त्या वेळी विद्यार्थी नव्हते. ते पदवी घेऊन बाहेर पडलेले, साहित्याची आणि तत्त्वज्ञानाची आवड असलेले तरुण वकील होते. म्हणजे विद्यार्थ्यांच्या आत्मशासनाचा हा सर्वांत प्रसिद्ध उद्गार अविद्यार्थ्याच्या लेखणीतून उतरलेला आहे. यात वंचना नाही. चळवळींचे लेख असेच लिहिले जातात. परंतु लेखकाच्या व्यवसायाचा ठसा लेखावर उमटल्याखेरीज राहत नाही. हा वकिलाचा लेख आहे. त्यातील संज्ञा सार्वभौमत्व, अधिकार, शासन, जात, दैवी हक्क अशा राज्यशास्त्राच्या आहेत. वॉर्डातील रात्रपाळी, रुग्णशय्येजवळची शिकवणूक, शवविच्छेदनाचा कक्ष यांपैकी कशाचाही वास त्याला नाही. बार्रोस किंवा सायागो यांनी लेखणी हाती घेतली असती तर काय झाले असते, हा प्रश्न निरुत्तर असला तरी निरर्थक नाही.

लेखाचे संबोधनही याच दिशेने बोलके आहे. कोर्दोबाचे अर्जेंटिनी तरुण दक्षिण अमेरिकेतील स्वतंत्र माणसांना उद्देशून बोलत आहेत, असे त्याचे शीर्षक सांगते. तक्रार होती एका शहरातील एका विद्याशाखेच्या कौन्सिलाविरुद्ध. श्रोता निवडला गेला तो अखिल खंड. या झेपेमुळेच लेख पुढे लीमा, हवाना, मेक्सिको येथवर पोहोचला, हे मान्य केलेच पाहिजे. रुग्णालयातील खोल्या आणि जेवण यांची कैफियत मांडणारा अर्ज कोर्दोबाच्या सीमेबाहेर कोणी वाचला नसता. मात्र झेप घेताना पायाखालची जमीन सुटते, तशी ती येथे सुटलेली आहे.

मूळ स्पॅनिश संहिता बारकाईने वाचली असता आणखी एक विलक्षण गोष्ट हाती लागते. रुग्णालय लेखात एकदा येते, पण ते रूपक म्हणून. आजवरची विद्यापीठे ही सामान्य बुद्धीच्या माणसांचा आसरा, अज्ञानी लोकांच्या चरितार्थाचे साधन आणि पंगूंच्या भरतीची सुरक्षित जागा झाली होती, अशा आशयाची शब्दयोजना रोका करतात. रुग्णालयात दाखल होणे ही क्रिया येथे तिरस्काराची प्रतिमा बनली आहे. अपंग आणि व्याधिग्रस्त हे निरुपयोगितेचे प्रतीक ठरले आहे. त्याचप्रमाणे वेदना हा शब्दही लेखाच्या आरंभीच येतो, पण तेथे न मिळालेल्या स्वातंत्र्यांची गणना वेदनांत केलेली असते. ज्या विद्यार्थ्यांनी रुग्णशय्येशेजारी राहण्याचा हक्क काढून घेतला म्हणून लढा आरंभिला, त्यांच्याच नावाने लिहिलेल्या लेखात रुग्णशय्या निंदेच्या उपमेपुरती शिल्लक राहावी, हा केवळ अलंकाराचा अपघात मानता येत नाही. या लेखापुढे दोनच पक्ष आहेत, सत्ताधारी अध्यापक आणि सत्ता मागणारे विद्यार्थी. तिसऱ्या पक्षासाठी त्यात जागाच नाही, आणि वैद्यकशिक्षणाचे वैशिष्ट्य असे की तेथे तिसरा पक्ष नेहमी उपस्थित असतो.

आता लेखाच्या मुख्य युक्तिवादाकडे वळले पाहिजे. विद्यापीठाची व्यवस्था अध्यापकांच्या एका प्रकारच्या दैवी हक्कावर उभी आहे, हा त्यातील आरोप. मातिएन्सोंच्या सुधारणेने लोकशाही आणली नाही, केवळ अध्यापकांच्या एका जातीचे वर्चस्व कायदेशीर केले, ही त्याची पुरवणी. यावर उपाय म्हणून लेख म्हणतो की विद्यापीठाचे जे जनमंडळ आहे, त्याचे सार्वभौमत्व मुख्यतः विद्यार्थ्यांत वसते. हे विधान धीट आहे. पण त्याला आधार काय? लेखाने दिलेला आधार तारुण्याचा आहे. तरुण हे नेहमी वीरवृत्तीच्या सीमेवर जगतात, ते निःस्वार्थ असतात, निर्मळ असतात, भ्रष्ट होण्यास त्यांना अद्याप अवधीच मिळालेला नसतो, आणि म्हणून आपले गुरू निवडताना ते कधी चुकत नाहीत, असा या प्रतिपादनाचा गोषवारा आहे.

याहून दुबळा आधार शोधून सापडला नसता. एक तर, निर्मळपणा हा वयाचा गुण मानला तर तो वयाबरोबर नष्ट होतो. मग ज्या क्षणी विद्यार्थी पदवीधर होईल त्या क्षणी त्याचे ज्ञान वाढलेले आणि अधिकार मात्र संपलेला, अशी विपरीत स्थिती प्राप्त होते. लेखाचा प्रत्यक्ष कर्ता तर या कसोटीवर बोलण्यास अपात्रच ठरावा. दुसरे असे की, गुरूच्या निवडीत तरुण चुकत नाहीत हे म्हणणे दैवी हक्काचे खंडन नसून त्याचे स्थलांतर आहे. अध्यापकाच्या अचूकपणावरील अंधश्रद्धा काढून ती विद्यार्थ्याच्या अचूकपणावर बसविण्यात आली. आणि तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. कायद्याच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिक्षक निवडण्यात विद्यार्थी चुकला तर चुकीची किंमत बव्हंशी तो स्वतः भरतो. वैद्यकात ती दुसरा कोणी भरतो. सुईण होऊ घातलेली विद्यार्थिनी, परिचारिकेचे शिक्षण घेणारी मुलगी, शल्यविद्येचा उमेदवार, यांचे अपुरे शिक्षण अशा माणसाच्या अंगावर फुटते ज्याने ना शिक्षक निवडला, ना विद्यार्थी.

हजेरीचा प्रश्न याचे सोपे उदाहरण होय. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची तक्रार हजेरीच्या सक्तीविरुद्ध होती आणि चळवळीने ती जशीच्या तशी आपलीशी केली. पुढे ऐच्छिक उपस्थिती हे सुधारणेच्या सूत्रांपैकी एक सूत्रच बनले. कंटाळवाण्या व्याख्यानाला जाण्याची सक्ती नसावी, हे कोणासही पटेल. पण त्याच चळवळीतील वैद्यक-विद्यार्थ्यांची मागणी याच्या नेमकी उलट होती, हे कोणी ध्यानात घेतले नाही. त्यांना अनुपस्थितीचे स्वातंत्र्य नको होते, उपस्थितीचा हक्क हवा होता. रुग्णालयात राहू द्या, असे ते म्हणत होते. या मागणीत राहण्याजेवण्याच्या खर्चाचा हिशेब निश्चितच होता, आणि तो असण्यात काही गैरही नाही. परंतु तीत शिक्षणाची एक कल्पनाही होती, आणि ती जाहीरनाम्यातील कल्पनेपेक्षा अधिक पक्की होती.

ती कल्पना शब्दांत मांडली असती तर ती काहीशी अशी झाली असती. निवासी विद्यार्थ्याला जे दिसते ते सकाळच्या फेरीला येऊन जाणाऱ्या प्राध्यापकाला दिसत नाही. प्राध्यापकाने फळ्यावर शिकविलेली मलमपट्टी रात्री प्रत्यक्ष कोण करतो आणि कशी करतो, व्याख्यानात वर्णिलेल्या कोणत्या प्रसूती विद्यार्थ्याने खरोखर पाहिल्या आणि कोणत्या केवळ नोंदवहीत पाहिल्या, चूक झाल्यावर वरिष्ठाला उठविण्याचे धैर्य कोणाला होते आणि कोणाला होत नाही, या सर्वांचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार तोच असतो. अभ्यासक्रम कागदावर एक असतो आणि वॉर्डात दुसरा असतो. या दोहोंतील अंतर मोजण्याची जागा निवासी विद्यार्थ्याची आहे. त्याचा कारभारातील अधिकार त्याच्या तारुण्यातून येत नाही. तो त्याच्या स्थानातून येतो. तो साक्षीदाराचा अधिकार आहे, आणि साक्षीदाराच्या अधिकाराला त्याची बंधनेही जोडलेली असतात. साक्षीदार सार्वभौम नसतो, त्याची उलटतपासणी होऊ शकते, पण त्याला वगळून निवाडा देणाऱ्या न्यायासनाला न्यायासन म्हणता येत नाही. रोका वकील होते. हे रूपक त्यांना सुचले नाही, हे आश्चर्य म्हटले पाहिजे.

या संदर्भात भारतीय वैद्यकपरंपरेतील एका स्थळाचा निर्देश अप्रस्तुत ठरू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यकाचे अध्ययन कसे आरंभावे याचा विचार आहे. तेथील क्रम लक्षणीय आहे. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची, म्हणजे कोणता ग्रंथ अभ्यासावा याची, परीक्षा करावयाची. त्यानंतर आचार्याची परीक्षा करावयाची. आणि आचार्याने शिष्याची परीक्षा करणे हे त्याच्याही पुढे येते. पाठ्यग्रंथ आणि शिक्षक यांची चिकित्सा हा शिष्याचा पहिला व्यापार मानणारी ही रचना गुरूवरील भाबड्या निष्ठेच्या प्रचलित चित्राशी जुळत नाही. अर्थात येथून विद्यार्थी-प्रतिनिधित्वाचा सिद्धान्त काढणे हा अतिरेक होईल. एकदा शिष्य म्हणून स्वीकार झाला की चरकाचा शिष्य आचार्याच्या आज्ञेत राहतो, आणि ही आज्ञाधारकता आजच्या वाचकास जाचक वाटावी इतकी आहे. पण त्याच उपनयनप्रसंगी शिष्याला जो उपदेश केला जातो, त्यात रुग्णाचे हित सर्वतोपरी साधावे, स्वतःच्या जीविताकरिताही रुग्णाशी द्रोह करू नये, असा निर्बंध आहे. कोर्दोबाच्या लेखात ज्याला जागा नाही तो तिसरा पक्ष येथे पहिल्याच दिवशी शिष्यासमोर उभा केला जातो. उलट, कोर्दोबाने जे मागितले ते चरकात नाही: गुरूची परीक्षा प्रवेशापूर्वी एकदाच होते, अध्ययन सुरू झाल्यावर तिला वाव राहत नाही.

जाहीरनाम्याचा दुसरा युक्तिवाद पहिल्याहून कितीतरी श्रेष्ठ आहे, आणि तो पहिल्याच्या गडगडाटात झाकला गेला हे त्याचे दुर्दैव. तो अधिकाराच्या स्वरूपाविषयीचा आहे. विद्यार्थ्यांच्या घरात अधिकार हा आज्ञा देऊन चालविता येत नाही, तो सुचवून आणि प्रेमाने, म्हणजेच शिकवून, चालवावा लागतो. शिकविणारा आणि शिकणारा यांच्यात आत्मीय संबंध नसेल तर सारे शिक्षण वैरभावाचे आणि म्हणून वांझ होते. शिस्तीच्या धमकीवर उभी केलेली शांतता ही बराकीतील शांतता होय, असे त्यात म्हटले आहे. येथे रोकांची भाषा संयत होते आणि विचाराला धार येते. रुग्णालयाइतकी या विचाराची निकड अन्यत्र कोठे असेल, असे वाटत नाही. रुग्णालयातील श्रेणीव्यवस्था स्वभावतःच लष्करी वळणाची असते; तातडीच्या वेळी ती तशी असावीही लागते. पण जेथे कनिष्ठाला प्रश्न विचारण्याची भीती वाटते तेथे चूक दडविली जाते, आणि दडविलेली चूक रुग्णाच्या शरीरात राहते. अधिकार शिकवण्यातून यावा, ही मागणी वैद्यकशिक्षणात केवळ विद्यार्थ्याच्या मानापमानाची राहत नाही. रुग्णाला विसरलेल्या या लेखातील रुग्णाच्या सर्वाधिक उपयोगाचा विचार नेमका हाच आहे, आणि लेखकाला त्याची जाणीव नाही.

तारुण्याच्या सार्वभौमत्वाची कसोटी मात्र लवकरच लागली. ऑगस्टमध्ये नोरेस यांनी पद सोडले. ९ सप्टेंबर १९१८ रोजी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची इमारत ताब्यात घेतली आणि महासंघाच्या तीन अध्यक्षांना तीन विद्याशाखांचे अधिष्ठाते म्हणून घोषित केले. वैद्यकविद्याशाखेचे अधिष्ठातेपद बार्रोस यांच्याकडे आले. अध्यापक नेमण्याचा आणि परीक्षामंडळे बसविण्याचा उद्योगही झाला. लष्कराने विद्यार्थ्यांना बाहेर काढले आणि त्यांच्यावर राजद्रोहाचे आरोप ठेवले. या प्रसंगाकडे काहींनी विनोद म्हणून पाहिले, काहींनी महाकाव्य म्हणून. वस्तुतः तो जाहीरनाम्याच्या पहिल्या युक्तिवादाचा तर्कशुद्ध शेवट होता: सार्वभौमत्व विद्यार्थ्यांत असेल तर परीक्षकही त्यांनीच नेमावेत, हे ओघानेच आले. वैद्यकाची परीक्षा म्हणजे अनोळखी रुग्णाला समाजाने दिलेली हमी असते. ती हमी परीक्षार्थ्यांच्या संघटनेने द्यावी, यातील विसंगती एका दिवसाच्या त्या राजवटीत कोणाला जाणवली असल्यास तिची नोंद नाही. यानंतर शिक्षणमंत्री होसे सालिनास यांनी स्वतः हस्तक्षेपाधिकारी होऊन जी तडजोड केली, तीत विद्यार्थ्यांना प्रशासकीय मंडळांच्या निवडीत वाटा मिळाला, मुख्य सत्ता नव्हे. आणि ही तडजोड जाहीरनाम्यापेक्षा शहाणी होती, असेच म्हणावे लागते.

या वाट्याचा पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. ब्वेनोस आयरेस विद्यापीठाच्या १९५८ च्या संविधीने प्रत्येक विद्याशाखेच्या कौन्सिलात आठ अध्यापक, चार पदवीधर आणि चार विद्यार्थी अशी सोळा जागांची वाटणी ठरविली. २९ जुलै १९६६ च्या रात्री ओंगानीआ यांच्या लष्करी राजवटीच्या पोलिसांनी विद्यापीठाच्या इमारतींत शिरून अध्यापक-विद्यार्थ्यांना लाठ्यांनी झोडपले आणि ही संयुक्त कारभाराची पद्धत मोडून काढण्यात आली. १९८३ मध्ये लोकशाही परतल्यावर ती पुन्हा प्रस्थापित झाली. ज्या व्यवस्थेला हुकूमशहा इतके घाबरतात ती व्यवस्था निव्वळ शोभेची नसावी, एवढे अनुमान या इतिहासातून निर्धास्तपणे काढता येते. पदवीधरांना दिलेली जागा विशेष विचारार्ह आहे. ज्याने शिक्षण भोगले आहे आणि आता त्या शिक्षणाच्या बळावर रुग्ण तपासीत आहे, त्याची साक्ष विद्यार्थ्याच्या साक्षीला पुरवणीही ठरते आणि लगामही. तारुण्याच्या सिद्धान्तात पदवीधराला स्थान नव्हते. व्यवहाराने ते निर्माण केले.

आजच्या आरोग्यविज्ञान-शिक्षणाच्या वाङ्मयात कोर्दोबाचे नाव क्वचित आढळते. तेथे निराळी परिभाषा रूढ झाली आहे. युरोपातील वैद्यकशिक्षण-संस्थेने, म्हणजे ‘एमी’ने, २०१२ मध्ये ‘अॅस्पायर’ नावाची गौरवयोजना सुरू केली. तिच्या विषयांत विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक विषय आहे. शाळेचे धोरण व व्यवस्थापन, अध्यापन व त्याचे मूल्यमापन, संशोधन आणि स्थानिक समाजातील सेवाकार्य या अंगांनी विद्यार्थी किती सहभागी आहेत, हे त्यासाठी पाहिले जाते. यात चांगले पुष्कळ आहे. समाज आणि सेवा यांना सहभागाच्या व्याख्येतच जागा मिळाली, ही कोर्दोबाच्या पुढची पायरी आहे. पण भाषेत जो बदल झाला आहे तो दृष्टिआड करण्याजोगा नाही. जाहीरनाम्यातील तरुण विनंती करीत नाहीत, ते मंडळांत प्रतिनिधी बसविण्याचा हक्क मागतात. गौरवयोजनेतील विद्यार्थ्याला सहभागी करून घेतले जाते. कर्ता संस्था आहे, विद्यार्थी कर्म आहे. हक्काची जागा गुणवत्तेच्या प्रमाणपत्राने घेतली की ज्याला सहभाग नको आहे त्या संस्थेला कोणी जाब विचारू शकत नाही. ती फार तर अर्ज करीत नाही.

साक्षीदाराच्या अधिकाराच्या जवळ जाणारी एक पद्धत मात्र अमेरिकेत आढळते. तेथील वैद्यकीय शाळांना मान्यता देणाऱ्या ‘एलसीएमई’ या मंडळापुढे शाळेच्या स्वपरीक्षणाबरोबर विद्यार्थ्यांचे स्वतंत्र परीक्षणही सादर करावे लागते. प्रश्नावली चालविणे, उत्तरांची छाननी करणे आणि अहवाल लिहिणे ही कामे विद्यार्थी स्वतः करतात. यात सार्वभौमत्वाचा दावा नाही, निर्मळपणाचा नाही. वॉर्डात आणि वर्गात काय घडते ते आम्हांला येथून असे दिसते, एवढेच म्हणणे आहे. निवाडा दुसऱ्याचा, पण साक्ष दडपता येत नाही. कोर्दोबातील निवासी विद्यार्थ्यांच्या हाती १९१७ मध्ये असे एखादे साधन असते, तर इंतेर्नादो बंद करण्याच्या निर्णयावर काटकसर आणि नीतिमत्ता यांखेरीज आणखी एका बाजूचे म्हणणे नोंदले गेले असते. ते मानले गेले असतेच असे नाही. आणि येथेच या पद्धतीची मर्यादाही आहे, कारण न मानली गेलेली साक्ष फायलीत राहते आणि मताधिकार असलेला प्रतिनिधी पुढच्या बैठकीलाही येतो.

भारतातील स्थिती या दोहोंहून वेगळी आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०१९ चा कायदा तेहेतीस सदस्यांच्या आयोगाची रचना सांगतो. त्यातील तीन अर्धवेळ सदस्य ज्या क्षेत्रांतून घ्यावयाचे त्यांत व्यवस्थापन, विधी, वैद्यकीय नीतिशास्त्र, विज्ञान, अर्थशास्त्र यांच्याबरोबर ग्राहकांच्या किंवा रुग्णांच्या हक्कांसाठी कार्य करणारे यांचाही उल्लेख आहे. विद्यार्थ्याचा उल्लेख रचनेत नाही. ब्वेनोस आयरेसच्या वैद्यकविद्याशाखेत सोळा जणांच्या कौन्सिलात चार विद्यार्थी बसतात आणि रुग्णाच्या वतीने बोलणारी जागा एकही नाही; दिल्लीच्या आयोगात रुग्णाच्या वकिलाला एक अरुंद दार आहे, तेही इतर अर्धा डझन क्षेत्रांबरोबर वाटून घ्यावयाचे, आणि विद्यार्थ्याला दारच नाही. रात्री वॉर्डात हे दोघे मात्र एकमेकांना रोज भेटतात.